मनोरुग्णांची परिचर्या : रखवालीपासून विद्येपर्यंत

मुंबई व ठाणे ह्या भागांतील घरांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. कोणी अवचित विक्षिप्त वागला, की "ह्याला आता ठाण्याला पाठवावे लागणार" असे थट्टेने म्हटले जाते व ऐकणारे हसतात. पुण्याच्या बाजूस हाच मान येरवड्यास मिळतो. ह्या थट्टेखाली एक जुनी भीती दडलेली आहे. ठाण्याला गेलेला मनुष्य परत येत नाही, ही ती भीती. ती कोठून आली आणि ती दूर करण्याचे काम कोणाच्या हाती आहे, ह्याचा शोध घेऊ गेल्यास इतिहास प्रथम नेतो तो नौपाड्यास.

मुंबई बेटावरील मनोरुग्णांची सोय पूर्वी कुलाब्याच्या आश्रमात होत असे. तो आश्रम १८२६ सालचा. शहर वाढले, गिरण्या उभ्या राहिल्या, दूरदूरची माणसे पोटासाठी येऊन दाटीने राहू लागली, आणि कुलाब्याची जागा अपुरी पडू लागली. ठाण्यास तर १८५३ पासूनच आगगाडी येत होती. तेथील नौपाड्यास मोकळ्या जागेवर १९०१ साली नवा आश्रम उभा राहिला व त्यास नरोत्तमदास माधवदास ह्यांचे नाव मिळाले. सरकारी कागदपत्रांत त्याचा उल्लेख पुष्कळदा 'नौपाड्याचा आश्रम' असाच होई. आज ज्यास ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणतात, ते हेच.

त्या काळच्या अशा आश्रमांची रचना पाहिली तर त्यांमागील कल्पना सहज ध्यानात येते. उंच भिंत, कुलपाचे दरवाजे, पहाऱ्याच्या पाळ्या. १८५८ च्या कायद्याने मनोरुग्णास आश्रमात कसे घ्यावे हे ठरविले होते, आणि त्यानंतरच्या १९१२ च्या कायद्यानेही मुख्यतः प्रवेश, ताबा व देखरेख ह्यांचाच विचार केला. रुग्णाचा जास्तीत जास्त सहवास ज्यांना घडे, ते डॉक्टर नव्हते. ते होते रखवालदार. डॉक्टरांची फेरी दिवसाकाठी काही क्षणांची. रखवालदाराचा सहवास मात्र आठही प्रहरांचा. जेवू घालणे, न्हाऊ घालणे, रात्री मोजदाद करणे, कोणी अंगावर धावून आला तर त्यास आवरणे, ही सारी कामे त्याच्याकडे असत. त्यापैकी एकाचेही शिक्षण त्यास कोणी दिलेले नसे. त्याच्या अधिकाराची खूण म्हणजे कमरेची किल्ली.

ह्याच काळात मुंबई इलाख्यात शरीराच्या दुखण्यांसाठी परिचर्येची विद्या रुजत होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली उघडले. परिचर्येचे शिक्षण घेण्यास पुढे आलेली पहिली हिंदी स्त्री म्हणून काशीबाई गणपत ह्यांचे नाव १८९१ सालच्या नोंदीत येते. पुढे १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे ह्यांनी विधवा व निराधार स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. परक्या पुरुषाची सेवा करणे हे कुलीन घरच्या स्त्रीस अशोभनीय आहे, असे मानणाऱ्या समाजात ते धाडसच होते. परंतु ह्या सर्व शिक्षणाचा रोख ज्वर, जखम, शस्त्रक्रिया व बाळंतपण ह्यांकडे होता. मुंबई सरकारने १९३५ साली नोंदणीचा कायदा केला, तेव्हा त्याच्या नावातच परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत असे तीन वर्ग आले. मनाच्या रोग्याची सेवा करणारी म्हणून निराळी परिचारिका त्यात नव्हती. इंग्लंडमध्ये आश्रमांतील सेवकांसाठी एक लहानसे मार्गदर्शक पुस्तक १८८५ सालीच छापले गेले होते आणि १८९१ पासून त्यांची परीक्षाही होऊ लागली होती. आपल्याकडे ह्या कामास विद्या लागते, हेच मान्य होण्यास अजून पुष्कळ अवकाश होता.

तो प्रसंग आणला तो उपचारांनी. १९३३ च्या सुमारास इन्सुलिन देऊन रुग्णास काही काळ बेशुद्धीत नेण्याची पद्धत व्हिएन्नात पुढे आली. १९३८ साली रोममध्ये विजेच्या झटक्याचा प्रयोग झाला. ह्या पद्धतींचा गुणदोष काहीही असो, त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. इन्सुलिनने बेशुद्ध झालेल्या माणसाची नाडी, श्वास व डोळ्यांच्या बाहुल्या ज्याला पाहता येत नाहीत, त्याच्या हाती तो माणूस सोपविता येत नाही. कुलूप घालण्यास किल्ली पुरते. जीव सांभाळण्यास ती पुरत नाही.

सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली देशाच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. त्या समितीसाठी रांची येथील मनोरुग्णालयाचे कर्नल मूर टेलर ह्यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. बहुतेक इमारती रोग्यास बरे करण्यासाठी नसून त्यास कोंडून ठेवण्यासाठी बांधल्या गेल्या आहेत, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय पडला. त्या वेळी साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १०,००० खाटा होत्या, म्हणजे ४०,००० लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण ३०० लोकांमागे एक असे होते. परिचारिकांची स्थितीही तशीच. सर्व देशात मिळून त्या सुमारे ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. जेथे सामान्य रुग्णालयांनाच परिचारिका मिळेनात, तेथे मनोरुग्णालयाकडे कोण वळणार?

ह्या अहवालाचे एक फळ पुढे बंगलोरास दिसले. १९५४ साली तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि १९५६ साली मनोरुग्ण-परिचर्येची पदविका तेथे देण्यात येऊ लागली. सामान्य परिचर्येचे शिक्षण पुरे केलेल्या परिचारिकेने आणखी एक वर्ष केवळ मनाच्या विकारांचा अभ्यास करावयाचा, ही कल्पना आपल्या देशात पद्धतशीरपणे रुजली ती येथे. हीच संस्था १९७४ पासून 'निम्हान्स' ह्या नावाने ओळखली जाते.

योगायोग असा, की त्याच सुमारास अमेरिकेत हाच विचार आणखी पुढे गेला होता. हिल्डगार्ड पेप्लॉ ह्या परिचारिकेने १९५२ साली परिचर्येतील परस्परसंबंधांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. औषध हे डॉक्टरांचे साधन, चाकू हे शल्यविशारदाचे साधन; मग परिचारिकेचे साधन कोणते? तिचे उत्तर असे, की रुग्णाशी जुळलेला तिचा संबंध हेच ते साधन होय. तो संबंध आपोआप जुळत नाही. तो टप्प्याटप्प्याने घडवावा लागतो, त्याचे निरीक्षण करावे लागते, आणि वेळ येताच तो सोडविताही यावा लागतो. ह्यास नुसता दयाळू स्वभाव पुरत नाही, अभ्यास लागतो. ह्याच विचारावर तिने १९५४ साली रटगर्स विद्यापीठात मनोरुग्ण-परिचर्येतील तज्ज्ञ तयार करणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आज जगभर परिचारिका उच्च दर्जाची वैद्यकीय जबाबदारी घेतात. रुग्ण स्वतः तपासणारी 'नर्स प्रॅक्टिशनर' ही कोलोरॅडोत १९६५ साली उदयास आली. परंतु परिचारिकेने वर्गात शिकवावयास न जाता रुग्णाच्या उशाशीच तज्ज्ञ म्हणून उभे राहावे, ह्या शिक्षणाचा आरंभ झाला तो मनोरुग्णांच्या वॉर्डात. ज्या वॉर्डास जगाने सर्वांत खालचे मानले, तेथेच परिचर्येची सर्वांत वरची पायरी घडली.

आपल्याकडे ही पायरी चढण्याचा मार्ग हळूहळू तयार झाला. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. १९५९ साली दिल्लीच्या परिचर्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणास प्रारंभ झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले, आणि १९६५ च्या सुमारास पदवीच्या अभ्यासक्रमात मनोरुग्ण-परिचर्या हा विषय आवश्यक झाला. त्यानंतर परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींच्या तुकड्या मुंबई-ठाण्याकडून नौपाड्याच्या रुग्णालयात अनुभवासाठी येऊ लागल्या. ज्या दारातून आत जाण्यास लोक कचरत, त्या दारातून वही-पेन्सिल घेतलेल्या विद्यार्थिनी जाऊ लागल्या, हे स्थित्यंतर लहान नव्हे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला स्थापन झाले. आज परिचारिकेस दोन वाटा मोकळ्या आहेत : एक वर्षाची पदविका, किंवा पदवीनंतर अनुभव घेऊन दोन वर्षांचा मानसिक आरोग्य-परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम.

ह्या अधिक शिक्षणाने खाटेपाशी नेमका फरक काय पडतो, असा प्रश्न सुबुद्ध वाचकास पडेल. एखादा रुग्ण लिथियम घेत आहे असे समजा. हे औषध उन्मादावर गुणकारी खरे. परंतु त्याची हितकर मात्रा व विषारी मात्रा ह्यांत अंतर थोडे. उन्हाळ्यात घाम फार गेला, जुलाब झाले किंवा कोणी प्रेमाने अळणी जेवण सुरू केले, तरी रक्तातील त्याचे प्रमाण वाढू शकते. हात जास्त थरथरू लागला, पाऊल अडखळले, बोलणे जड झाले, तर अशिक्षित डोळ्यास तो वेडाचाच एक प्रकार वाटेल. शिक्षित डोळ्यास ती विषबाधेची पहिली सूचना दिसेल. दुसरे उदाहरण निराश रुग्णाचे. कित्येक दिवस उदास बसलेला मनुष्य एकाएकी शांत व प्रसन्न दिसू लागला, तर घरचे देवाचे आभार मानतात. शिकलेली परिचारिका मात्र सावध होते. मरणाचा निश्चय झाल्यानेही मन असे शांत होते, हे तिला ठाऊक असते. ती त्याच्याजवळ बसते आणि मरणाचा विचार मनात येतो काय, हे त्यास सरळ विचारते. असे विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत खोटी आहे. कसे विचारावे व उत्तर ऐकून पुढे काय करावे, ही विद्या आहे. आणि ती शिकवावी लागते.

तिसरे काम घराचे. रुग्ण बरा झाला, पण त्यास न्यावयास कोणी येत नाही, हे आपल्या मनोरुग्णालयांचे जुने दुःख आहे. अमृतसरला डॉ. विद्यासागर ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही रुग्णालयाच्या आवारात राहावयास बोलाविले आणि ह्या दुःखावर उपाय दाखविला. घरच्यांस आजार समजला, की भीती ओसरते. भीती ओसरली, की दार उघडते. हे समजाविण्याचे काम परिचारिका जितके करू शकते तितके दुसरे कोणी क्वचितच करू शकेल.

कायद्यानेही आता हे मान्य केले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आणि राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी झालेल्या मानसिक आरोग्य-परिचारिकेस 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ह्या वर्गात स्थान दिले. ह्याचा अर्थ फार मोठा आहे. स्वतः निर्णय घेण्यास ज्यास पुष्कळ आधार लागतो अशा रुग्णास दाखल करून घेताना दोघांनी त्याची स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते. त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञच असावा लागतो. दुसरी व्यक्ती अशी परिचारिका असू शकते. मनुष्याचे स्वातंत्र्य काही काळ मर्यादित करावे की नाही, ह्या प्रश्नावर तिच्या मतास डॉक्टरांच्या मताशेजारी स्थान मिळाले. जेथे एके काळी रखवालदार केवळ हुकमाने दार लावीत असे, तेथे आता दार लावण्याचे कारण आहे की नाही हे परिचारिकेने स्वतंत्र बुद्धीने ठरवावयाचे आहे.

तथापि कायदा व विद्या ह्या दोन चाकांनी गाडी चालत नाही. तिसरे अंग अधिकारपदाचे. अतिदक्षता विभागासाठी भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ साली 'नर्स प्रॅक्टिशनर'चा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, आणि १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली नवा परिचर्या व प्रसूतिसेवा आयोग कायदा संमत केला. ही पावले स्वागतार्ह होत. परंतु आपल्याकडे पदव्युत्तर पदवी घेतलेली परिचारिका बहुधा अध्यापनाकडे वा प्रशासनाकडे वळते. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही जुनी चढण जसजशी चढावी तसतशी ती रुग्णापासून दूर व कागदांच्या जवळ जाते. उत्तम शिकलेली बाई वॉर्डातच राहिली तर तिची बढती अडते, आणि बढती घेतली तर वॉर्ड तिला मुकतो. रुग्णाजवळ राहूनच वरच्या दर्जास चढता येईल असे पद निर्माण झाल्यावाचून ह्या शिक्षणाचे फळ ज्याच्यासाठी ते आहे त्यास पोहोचणार नाही.

ठाण्याच्या मनोरुग्णालयाची मान्य क्षमता दीर्घकाळ १,८५० खाटांची राहिली. येरवड्याची २,५४०, नागपूरची ९४० व रत्नागिरीची ३६५. ह्या चार ठिकाणी डॉक्टर कितीही वाढले तरी रात्री दोन वाजता जाग्या असलेल्या, घाबरलेल्या रुग्णापाशी प्रथम पोहोचणार ती परिचारिकाच. तिच्या हाती केवळ किल्ली द्यावयाची की विद्या व अधिकार द्यावयाचा, हा प्रश्न तिच्या मानापुरता किंवा वेतनापुरता नाही. ठाण्याला गेलेला मनुष्य बरा होऊन स्वतःच्या घरी परतेल की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.