हरलेल्या गावांतही चर राहिले

ऑफिसात ‘दिवे बंद करा’ अशी पाटी लावली, तर ती किती जण वाचतात? पण त्याच कामाला गुण लावले तर? महाराष्ट्रानं हा प्रयोग आधी गावांत केला.

२०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. झाडलोटीची स्पर्धा लागली आणि गावं चुरशीनं उतरली. अशा स्पर्धेत एक धोका असतो: तपासणी समिती येणार म्हणून गाव चकाचक, समिती गेली की पुन्हा तेच.

मग २०१६ चा दुष्काळ. पानी फाउंडेशननं वॉटर कप आणला. वरूड, कोरेगाव आणि आपल्या मराठवाड्यातलं अंबाजोगाई, असे तीन तालुके, ११६ गावं. श्रमदान आणि जलसंधारणाच्या कामांना गुण. साताऱ्याच्या वेळू गावानं ५० लाखांचं पहिलं बक्षीस नेलं. पण हरलेल्यांनी खोदलेले चर कुठं गेले? ते शिवारातच राहिले. पाऊस बक्षीस बघून पडत नाही!

२ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ आलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींना गुण. म्हणजे मुदखेडसारख्या गावातल्या सफाई कामगाराचं, पाणी सोडणाऱ्याचं, लिपिकाचं रोजचं कामच खेळात आलं.

तुमच्या ऑफिसात असा खेळ मांडायचा असेल, तर एवढंच तपासा: ट्रॉफी दुसऱ्यानं नेली, तरी आपल्याकडे काय उरतं? कमी आलेलं वीजबिल उरत असेल, तर खेळ खरा. फक्त फोटो उरत असतील, तर ती नुसती तपासणीची तयारी.