प्रतिकृती आगगाडीतील धूर

लघुप्रमाणात बनविलेल्या आगगाडीच्या धुराड्यातून धुरासारखा झोत सोडण्याची योजना. यात बहुधा काहीही जळत नाही. धुराड्याखालील बारीक नळीत खनिज तेलाचे काही थेंब घालतात. रोधक तारेतून विद्युत् प्रवाह गेला की तेलाची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत तिचे संघनन होऊन सूक्ष्म बिंदूंचे धुके दिसते. खऱ्या एंजिनाच्या धुरात कोळशाचे काजळीकण असतात. हा धूर म्हणजे केवळ तेलाचे धुके होय. चाकांशी जोडलेला दट्ट्या किंवा छोटा पंखा या धुक्याचे ठेक्यात झोत काढतो. अमेरिकेतील लायनेल कंपनीने १९४६ मध्ये दिव्याच्या उष्णतेवर गोळी तापवून धूर काढणारी एंजिने विक्रीस आणली. पुढील वर्षी दिव्याची जागा तारेच्या वेटोळ्याने घेतली. गार्डाच्या डब्यातील शेगडीचा धूर दाखविणाऱ्या प्रतिकृतीही तिकडे निघाल्या. मुंबईच्या हवेत डब्यात शेगडी ठेवण्याचे कारण नसल्याने येथील प्रतिकृतीत हा धूर अप्रस्तुत ठरतो.

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक स्थान मिळाले ते पुण्यात. भाऊ जोशी यांच्या संग्रहातून तेथे १९९८ मध्ये लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले. मुंबईची आगगाडी प्रतिकृतीत आणू पाहणाऱ्यापुढे मात्र यंत्राआधी इतिहासाचा प्रश्न उभा राहतो : कोणत्या मार्गावर, कोणत्या सालापर्यंत धूर दाखवावा?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली चौदा डब्यांची गाडी तीन बाष्प एंजिनांनी ओढली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला व बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या दोन्ही रेल्वे दादरला शेजारी आल्या, आणि परळ व लोअर परळ येथे त्यांचे कारखाने उभे राहिले. पेनिन्सुला रेल्वेचा परळचा कारखाना १८७९ चा. गिरण्यांची धुराडी व रेल्वेचा कोळसा यांच्या संगतीतच लालबाग-परळच्या चाळी वाढल्या. तेथील रहिवाशांना धूर हा देखावा नव्हता. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी ती काजळी होती. धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईत १९१२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत् शहरात आली व गिरण्या तिच्यावर चालू लागल्या. धूर घटण्यास कायद्याइतकीच ही वीजही कारणीभूत झाली असे मानणे योग्य ठरेल.

रेल्वेवर वीज नंतर आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विद्युत् गाडी धावली. कुलाबा ते बोरिवली हा मार्ग ५ जानेवारी १९२८ रोजी विजेवर आला. त्यामुळे गिरगावालगतच्या चर्नी रोड स्थानकातील उपनगरी गाडी १९२७ ची असेल तर धूर हवा, १९२९ ची असेल तर नको. मात्र बोरिवलीपलीकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्यानंतरही वाफेवरच धावत. म्हणून पश्चिमेकडील मार्गावरून धूर एकदम नाहीसा झाला असे समजू नये. पेनिन्सुला रेल्वेची स्थिती याहून निराळी होती. तिचे घाटांचे मार्गही १९३० च्या सुमारास विजेवर आले. त्याच वर्षी सुरू झालेली डेक्कन क्वीन प्रारंभापासून विजेची असल्याने तिच्या प्रतिकृतीला धूर सोडणारे एंजिन जोडणे ही उघड चूक होय, जरी बालप्रेक्षकांना ती आवडली तरी. लालबागच्या देखाव्यात त्या काळचा धूर दाखवायचाच असेल, तर तो रुळांपेक्षा मागच्या गिरण्यांच्या धुराड्यांवर अधिक शोभेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा त्यानंतरच्या देखाव्यात ती धुराडीही कोरडीच ठेवावी लागतात.

रंगाचीही गल्लत होते. परदेशी चित्रांतील शुभ्र लोट प्रामुख्याने वाफेचा असतो व थंड हवेत तो दीर्घकाळ टिकतो. मुंबईच्या उन्हाळ्यात ही वाफ धुराड्यापासून थोड्याच अंतरावर विरते आणि मागे कोळशाचा करडा-काळा पट्टा उरतो. पावसाळी दमट हवेत पांढरा लोट काहीसा अधिक टिकतो. तेलाचे धुके नेहमी पांढरेच निघत असल्याने मे महिन्यातील परळचा धूर या साधनाने साधत नाही.