संगणकातला स्टोअरकीपर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा माळरानावर कारखाने कसे उभे राहिले ती हकीकत मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढचे सारे आपण डोळ्यांनी पाहिलेच आहे. पण आज मला एका निराळ्या इतिहासाविषयी बोलावयाचे आहे. तो जेमतेम तीस-बत्तीस वर्षांचा आहे, आणि मी त्यात शिरलो तो विद्येच्या हौसेने नव्हे, अडचणीत सापडल्यामुळे.

२०२३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. चाकणच्या कंत्राटी कामगारांनी आपापल्या खिशातल्या डायऱ्यांत लिहून ठेवलेली हजेरी आम्ही त्यात उतरवून ठेवली होती. ज्यांचा कामगार-चळवळीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. औद्योगिक विवाद कायद्याच्या अमलात वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरी धरली जाई. मात्र ते दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्याच शिरावर असे. कंत्राटदार पळून गेला की मागे उरते ती ही डायरी. आमच्या काही डायऱ्या पुरात भिजून गेल्या होत्या. तेव्हा त्या संगणकात काय होते, हे आपल्या ध्यानात येईल.

त्या संगणकावर 'डेबियन' नावाची लिनक्सची व्यवस्था आहे. तिची अकरावी आवृत्ती काढून बारावी घालण्याचे काम एका दुपारी चालू होते. बढतीच म्हणा ना! ती निम्म्यावर आली आणि वीज गेली. वीज परत आली तेव्हा पडदा काळा, आणि त्यावर इंग्रजी ओळी. आमच्या एका सभासदाचा मुलगा मदतीला होता. तो म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू का? तासाभरात नवा करून देतो." मी म्हटले, "बाळ, आधी ते काय म्हणते आहे ते तर वाच."

वाचू लागलो, आणि तिथून हा इतिहास सुरू झाला.

संगणकातला एक प्रोग्रॅम एकटा कधीच नांदत नाही. पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅमला अक्षरे काढणारा दुसरा लागतो, त्याला चित्रे दाखविणारा तिसरा, आणि त्या तिसऱ्याचीही अट असते की, मला चौथ्याची अमुक आवृत्तीच पाहिजे. फिटरला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बोल्ट बदलला आणि नटाचे आटे जुनेच राहिले, तर जोड बसत नाही. १९९३ च्या सुमारास लिनक्स वापरणारे लोक फायलींचे गठ्ठे आणून संगणकात सोडीत. कोणती फाइल कोणी आणली याची चोख नोंद नाही; एक काढावयास जावे तर दुसरे कोसळे. स्टोअर आहे, पण स्टोअरकीपर नाही, असा तो कारभार.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. हे नाव त्याने आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, आणि आपले नाव जोडून केले. ही व्यवस्था कोणा एका कंपनीने करावयाची नव्हती. एकेका माणसाने एकेका पुडक्याची म्हणजे पॅकेजची जबाबदारी घ्यावयाची, आणि त्यावर चिठ्ठी लावावयाची: हे काय आहे, आवृत्ती कोणती, चालण्यास आणखी काय लागते, कोणाशी पटत नाही. ही चिठ्ठी वाचून माल आत घेणारा जो प्रोग्रॅम, तो 'डीपीकेजी'. १९९४ पासून इंग्लंडातील इयन जॅक्सन यांनी त्याला पक्के रूप दिले. पुढे १९९८ साली 'अ‍ॅप्ट' आला आणि मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये तो सर्वांच्या हाती पडला. डीपीकेजी हा माल लावणारा हमाल म्हटला, तर अ‍ॅप्ट हा यादी घेऊन बसलेला कारकून. कशाच्या आधी काय आणावयाचे, ते तो ठरवितो. रेड हॅट कंपनीने १९९५ साली आरपीएम म्हणून आपली स्वतंत्र पद्धत काढली, ती येथे बाजूस ठेवू.

हे सारे परदेशातले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने सरकारी कामासाठी 'बॉस' नावाची जी व्यवस्था तयार केली, ती डेबियनवरच उभी आहे. आणि आमच्या पडद्यावरची मराठी अक्षरे 'लोहित' नावाच्या टंकाची. तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविला आणि रेड हॅटने २००४ साली सर्वांस मोकळा केला. तोही एक पॅकेज म्हणूनच येतो. त्या दिवशी अर्धवट राहिलेल्यांत तोही होता.

आता आमच्या काळ्या पडद्याकडे वळू. डीपीकेजी एक हजेरीपट ठेवतो. खरोखरच हजेरीपट! प्रत्येक पॅकेजपुढे त्याची स्थिती लिहिलेली असते: नुसते उघडून ठेवले आहे, जुळणी अर्धी झाली आहे, की पुरते कामाला लागले आहे. माल आधी उघडावयाचा आणि जुळणी मागाहून करावयाची, असे दोन टप्पे मुळातच पाडलेले आहेत. म्हणून वीज गेली तरी तो विसरत नाही. आपण कोठे होतो ते त्याच्या वहीत असते. पडद्यावर तो एवढेच म्हणत होता की, माझे काम तुटले आहे, 'डीपीकेजी कॉन्फिगर' ही आज्ञा सर्वांसाठी द्या. ती दिली. बऱ्याच पॅकेजांची जुळणी झाली, आणि गाडी पुन्हा अडली. या खेपेस तक्रार निराळी: डिस्कवर जागा नाही. उतरवून घेतलेली पुडकी साठून राहिली होती. 'अ‍ॅप्ट क्लीन' म्हणून ती झाडून काढली. मग 'फिक्स ब्रोकन' या आज्ञेने राहिलेले दुवे जोडले. मुलगा मध्येच एक कुलूप-फाइल पुसावयास निघाला होता. तिला हात लावू दिला नाही. कुलूप असते याचा अर्थ आत कोणीतरी काम करीत आहे, आणि चालू मशिनीचे गार्ड काढावयाचे नसते हे त्याच्या वडिलांना पक्के ठाऊक आहे.

शेवटी मोठी बढती. तिचे दोन प्रकार आहेत. साध्या 'अपग्रेड'मध्ये बसविलेले कोणतेही पॅकेज काढले जात नाही. जे बसत नाही ते 'राखून ठेवले' असे तो सांगतो. 'फुल अपग्रेड'मध्ये मात्र नव्याला जागा करण्यासाठी जुने काढले जाऊ शकते. तो आधी यादी दाखवितो आणि होय की नाही ते विचारतो. लोक न वाचता 'होय' दाबतात. मी जन्मभर कपातीच्या याद्या वाचीत आलो; मी ती यादी दोनदा वाचली. आमच्या हजेरीचा तक्ता उघडणारा प्रोग्रॅम तीत नव्हता. मग 'होय' म्हटले. रात्री साडेनऊला तक्ता उघडला आणि पहिल्या पानावरची नावे मराठीत नीट उमटली.

पण ही चिठ्ठी लिहिणारी माणसे कोण? त्यांतील पुष्कळ बिनपगारी आहेत. 'एक्सझेड' नावाचा फायली आवळून लहान करणारा प्रोग्रॅम आहे. डेबियनची पुडकीसुद्धा त्याने आवळलेली असतात. वर्षानुवर्षे तो मुख्यतः एकच गृहस्थ सांभाळीत होते. काम मागे पडते म्हणून २०२२ साली त्यांना टोमणे ऐकावे लागले. हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्यांनी उत्तरादाखल लिहिले. मदतीला 'जिया टॅन' या नावाने कोणी आला, विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार ठेवून दिले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर दूरून आत शिरण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे दिसले. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळविले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो माल पोहोचला नव्हता. चाचणीच्या आवृत्त्यांत मात्र पोहोचला होता.

यातला मला भावलेला भाग पुढेच आहे. स्टोअरकीपर आपण होऊन कधी खालची आवृत्ती घेत नाही. त्याला वरचाच आकडा कळतो. मग दूषित माल मागे कसा घ्यावयाचा? डेबियनच्या लोकांनी जुनीच चांगली आवृत्ती आणली आणि तिचा आकडा लिहिला: '५.६.१ + रिअली ५.४.५'. म्हणजे नावाने ५.६.१ च्या वर, खरोखर मात्र ५.४.५. नियम न मोडता केलेली एवढी सरळ युक्ती मी तडजोडीच्या टेबलावरही फार थोड्या वेळा पाहिली आहे. (ज्यांनी हुद्दा वाढवून पगार कमी केलेला पाहिला आहे, त्यांना ती उलट्या अंगाने ओळखीची वाटेल.)

आता आमच्या यंत्राचे काय झाले, ते सांगतो. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती निघाली. जुन्या ३२ बिटांच्या पर्सनल संगणकांसाठी तिच्यात मूळ गाभाही नाही आणि बसविण्याची सोयही नाही. सूचना स्पष्ट आहे: अशा यंत्रावर ही बढती घेऊ नका, जमत असेल तर ६४ बिटांची व्यवस्था नव्याने बसवा, नाहीतर यंत्र निवृत्त करा. आमचे यंत्र ३२ बिटांचेच. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. नोटीस आधी मिळाली होती आणि कारण लिहिलेले होते. शिवाय जुने सांभाळावयास माणसे कमी पडतात, हेही मी आता जाणतो.

आम्ही तक्ता तीन ठिकाणी उतरवून घेतला: एक प्रत दुसऱ्या संगणकावर, एक वकिलांकडे, आणि एक छापून कपाटात. नवीन हजेरी आता दुसऱ्या संगणकावर लिहिली जाते. जुना डेबियन १२ वरच आहे, त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे. त्या मुलाला आता फॉरमॅट सुचत नाही. दर शनिवारी तो येतो, दुसऱ्या संगणकावर अ‍ॅप्टची यादी काढतो, आणि 'होय' दाबण्याआधी मला मोठ्याने वाचून दाखवितो.