फावल्या वेळचे जग

परीक्षा नाही, पगारवाढ नाही, कोणी जाब विचारणार नाही. तरीही पनामाचा कालवा कसा खणला किंवा आइसलंडातले ज्वालामुखी केव्हा जागे झाले, हे वाचत मध्यरात्र करणारी माणसे हल्ली घरोघरी आढळतात. फराळाचे ताट बाजूला सारून फोनवर बोट फिरवीत बसलेल्या भाच्याला आपण रिकामटेकडा म्हणतो. पण वाचकहो, हा रिकामटेकडेपणा मराठीतून करता यावा यासाठी काहींनी आपले आयुष्य वेचले आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले, ते इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत. १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले आणि भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन हे विषय मराठी वाचकाच्या ओसरीवर आणून ठेवले. १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.

पुढे श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि सगळ्या जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला. पैसा कोठून यायचा? त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमविले. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड अशा रीतीने उभे राहिले. पहिल्या खंडाचे नाव 'हिंदुस्थान आणि जग'! पारतंत्र्यातला एक माणूस जगाशी बरोबरीच्या नात्याने बोलू पाहत होता. या उद्योगाची हकीकत त्यांनी लिहिली, तिला नाव दिले 'माझे बारा वर्षांचे काम'. १९३७ साली ते वारले. अखेरचे दिवस आर्थिक ओढगस्तीचे होते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी विश्वकोशाचे काम वाईला सुरू झाले. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांचे शिक्षण वाईच्याच प्राज्ञपाठशाळेत, संस्कृत परंपरेने झालेले. कॉलेजची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला या गोष्टीचा मोठा धीर वाटतो. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आज विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश, दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्रदिनाचा.

कोशाची मौज अशी की, तो आपल्याला वाट चुकवतो. अकारविल्ह्याच्या रांगेत अफगाणिस्तान, अफझलखान आणि अफू ही मंडळी जवळजवळ बसतात. शोधायला जावे एक आणि हाती लागावे दुसरेच. इंटरनेटवर हीच भटकंती एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर होते. प्रकार तोच, पाने उलटण्याचे कष्ट तेवढे वाचले.

मात्र एक फरक मला अस्वस्थ करतो. बाळशास्त्र्यांच्या वा केतकरांच्या काळी वाचक थोडे होते आणि लिहिणाऱ्याने आपले सर्वस्व पणाला लावले होते. आज वाचणारे उदंड आहेत, विकिपीडियात तर कोणालाही लिहिण्याची मुभा आहे. पण लिहायला बसणारे मोजके. वर्गातला एखादा मुलगा काही विचारतो, आम्ही मराठीत शोधतो आणि कधी कधी दोनच ओळी सापडतात. त्या दोन ओळींपाशी त्याचे कुतूहल अडते. मग इंग्रजी येणारा पुढे जातो, न येणारा तेथेच राहतो. बाळशास्त्र्यांना नेमकी हीच दरी बुजवायची होती.

तेव्हा या दिवाळीत भाच्याला रागावू नका. त्याने रात्री काय वाचले ते सकाळी विचारा, आणि जमल्यास त्याला म्हणा, "आता हेच आपल्या भाषेत चार ओळी लिहून ठेव." केतकरांनी बारा वर्षे दिली, आपण एक दुपार द्यायला हरकत नाही.