संकेतस्थळावर पहारा: हार्टबीट आणि इलास्टिकसर्चची जोडणी

मंडळाचे संकेतस्थळ बंद पडले की ते कळते सभासदांच्या फोनवरून, तेही बहुधा गणेशोत्सवाच्या नावनोंदणीच्या दिवसांत. हार्टबीट हा छोटा प्रोग्राम ठरावीक वेळाने संकेतस्थळाचे दार वाजवतो आणि उत्तर आले का, किती वेळात आले, याची नोंद करतो. नोंदी इलास्टिकसर्चमध्ये साठतात आणि किबानात आलेखरूपाने दिसतात. तिन्ही इलास्टिक कंपनीचेच.

हार्टबीट वेगळ्या यंत्रावर बसवावा. ज्या सर्व्हरवर नजर ठेवायची तोच कोसळला, तर पहारेकरीही त्याच्याबरोबर जातो.

मांडणी ‘हार्टबीट.वायएमएल’ या फाइलीत असते: काय तपासायचे, नोंदी कुठे पाठवायच्या (इलास्टिकसर्चचा नेहमीचा पोर्ट 9200) आणि किबाना कुठे आहे (5601). मंडळासाठी मिनिटाला एक तपासणी पुरे. या फाइलीत ओळींच्या आधीची मोकळी जागा अर्थ ठरवते. ती स्पेसनेच सोडावी, टॅब चालत नाही.

खरी अडचण येते ती प्रमाणपत्राशी. 2022 साली आलेल्या 8.0 आवृत्तीपासून इलास्टिकसर्चची सुरक्षा आपोआप चालू असते, म्हणून पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू व्हायला हवा. प्रमाणपत्र मात्र त्याने स्वतःच बनवलेले असते आणि हार्टबीट त्यावर विश्वास ठेवत नाही. प्रमाणपत्राची फाइल किंवा तिचा फिंगरप्रिंट मांडणीत दिला की काम होते. ‘पडताळणीच बंद करा’ हा सल्ला सर्रास मिळतो. आमचे मत त्याविरुद्ध आहे. मग पासवर्ड कोणाच्या हाती पडतो याचा भरवसा उरत नाही. पासवर्ड फाइलीतही लिहू नये, कीस्टोअरमध्ये ठेवावा. मंडळात कार्यकर्ते बदलतात आणि फाइली हातोहात फिरतात. मर्यादित अधिकारांची एपीआय की त्याहून बरी.

सुरू करण्याआधी ‘टेस्ट कॉन्फिग’ आणि ‘टेस्ट आउटपुट’ या आज्ञा चालवाव्यात. दुसरी आज्ञा पत्ता, जोडणी, प्रमाणपत्र अशी पायरीपायरीने तपासते, त्यामुळे गाडी कुठे अडली ते दिसते. 401 आले तर नाव, पासवर्ड किंवा की तपासा. जोडणीच नाकारली गेली तर पोर्ट, फायरवॉल, किंवा इलास्टिकसर्च फक्त स्वतःच्याच यंत्राचे ऐकतो आहे का, ते पाहा. इलास्टिकसर्चची आवृत्ती हार्टबीटपेक्षा जुनी नसावी.

200 हे उत्तर आले म्हणजे सारे ठीक, असेही नाही. डेटाबेस बंद असताना नुसती चौकट दाखवणारी पानेही 200 देतात. म्हणून पानावर ‘नावनोंदणी’ हा शब्द आहे का, हेही तपासायला सांगावे. एचटीटीपीएस पत्त्यांसाठी प्रमाणपत्राची मुदत कधी संपते तेही नोंदले जाते, आणि मोफत प्रमाणपत्रांची मुदत छोटी असल्याने ही नोंद फार उपयोगी पडते.

एक गोष्ट आधीच सांगतो: स्वतःच्या सर्व्हरवरच्या किबानाच्या मोफत परवान्यात ईमेलने इशारा पाठवण्याची सोय नाही. उत्सवाच्या काळात रोज सकाळी आलेख कोण पाहणार, हे कार्यकारिणीने नावानिशी ठरवावे. आलेख मध्येच थांबलेला दिसला तर आधी हार्टबीट चालू आहे का ते पाहावे.