'लिटरेचर', अदब आणि साहित्य

'लिटरेचर' म्हणजे साहित्य, हा अर्थ आपण शाळेत पाठ केला. पण साहित्यात कोणाला घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हा प्रश्नही या शब्दाच्या इतिहासात दडलेला आहे, असे आम्हांला वाटते.

'लिटरेचर'चे मूळ लॅटिन 'लिट्टेरा', म्हणजे अक्षर. सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755 च्या कोशात त्याचा अर्थ विद्वत्ता असाच आहे. कविता, कथा, नाटक हा ललित अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का रुळला. इंग्रजीत आजही औषधाच्या माहितीपत्रकाला 'लिटरेचर' म्हणतात. थोडक्यात, या शब्दाचा भर लिहिलेल्या अक्षरावर आहे.

अरबी 'अदब'चा प्रवास वेगळा. आधी रीतभात, मग सुसंस्कृत माणसाला हवे ते ज्ञान आणि पुढे साहित्य. नवव्या शतकात इब्न कुतैबा यांनी 'अदब अल्-कातिब' लिहिला, तो दप्तरातील लेखनिकांना शुद्ध भाषा शिकवण्यासाठी. उर्दूत अदब म्हणजे आदर आणि साहित्यही. मराठीने मात्र 'अदब राखणे' तेवढे घेतले, साहित्याचा अर्थ घेतला नाही.

आपल्याकडचे 'साहित्य' आले 'सहित'वरून. शब्द आणि अर्थ यांचे एकत्र असणे. 'वाङ्मय' तर वाणीपासूनच झाले. या दोन्ही शब्दांत जात्यावरच्या ओवीला आणि मोहरममधल्या करबलच्या गाण्याला जागा आहे. निरक्षर आई-आजीनेही साहित्य निर्माण केले, असे हे शब्द मान्य करतात.

व्यवहारात मात्र तसे झाले नाही. 1878 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात सभा भरली, ती 'ग्रंथकारां'ची. 1885 च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. शूद्रातिशूद्रांची दुःखे ज्यांच्या पुस्तकांत उमटत नाहीत, त्यांच्याशी आपला मेळ कसा बसावा, हा त्यांचा सवाल होता.

तोच सवाल पुढे आपल्यापुढे आला. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला; आपल्या काळात शाहीर अमर शेखांनी मराठी मैदाने गाजवली. तरीही 'तुमची भाषा उर्दू ना?' असे आपल्याला विचारले जाते. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा 'वेगळी चूल कशाला?' असेही विचारले गेले.

आम्हांला वाटते, ती वेगळी चूल नव्हती. स्वयंपाकाच्या सामानालाही मराठीत 'साहित्य'च म्हणतात. आपल्या घरातले साहित्य आपण मराठीच्या चुलीपाशी आणले, इतकेच. त्यात मोहल्ल्यातली बोली आहे, अम्मीच्या ओव्या आहेत आणि अदबही आहे. आता त्या ओव्या लिहून ठेवण्याचे काम आपल्यालाच करायचे आहे. नाहीतर अक्षर मोजणारे उद्या म्हणतील, यांच्याकडे काही नव्हतेच.