चाच्याची व्यक्तिरेखा : चरित्रग्रंथापासून भूमिकाखेळापर्यंत

व्यक्तिरेखा ही संहितेत पूर्णत्वाने सिद्ध होते आणि वाचक तिचा केवळ आस्वाद घेतो, हे गृहीतक मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाने मोडीत काढले. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन फासे टाकून सामर्थ्य, बुद्धी, शहाणपण, चापल्य, काटकपणा आणि प्रभाव या सहा गुणांचे आकडे ठरवले जातात, आणि त्या आकड्यांतून खेळाडू एक व्यक्ती उभी करतो. सूत्रधार प्रसंग मांडतो; त्या प्रसंगी काय करावयाचे, हे मात्र खेळाडूच ठरवतो. येथे लेखक, नट आणि प्रेक्षक एकाच देहात नांदतात. साहजिकच समीक्षेचा एक जुना प्रश्न येथे व्यावहारिक रूप धारण करतो : व्यक्तिरेखा समर्थ कशामुळे होते? चाच्यांच्या मोहिमेचे खेळ या प्रश्नाच्या विचारास विशेष सोयीचे आहेत. कारण चाच्याइतकी बाह्य चिन्हांनी लगडलेली दुसरी व्यक्तिरेखा क्वचितच आढळेल.

एका डोळ्यावरील पट्टी, लाकडी पाय, खांद्यावरचा पोपट, पुरलेला खजिना ही चिन्हे इतिहासापेक्षा वाङ्मयाची देणगी आहेत. त्यांतील बरीचशी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीने रूढ केली. ती १८८१-८२ मध्ये एका मुलांच्या नियतकालिकातून क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पोपट आपण ‘रॉबिन्सन क्रूसो’वरून घेतला, हे स्टीव्हन्सनने पुढे १८९४ मध्ये मोकळेपणाने नमूद केले. म्हणजे चिन्हे त्याच्या काळीच उसनी होती. तरीही लाँग जॉन सिल्व्हर उसना वाटत नाही. याचे कारण शोधण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने चाच्यांच्या चरित्रांचा एक ग्रंथ १७२४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला; त्याचा दुसरा खंड १७२८ मध्ये आला. हे नाव टोपण असावे, असे मानले जाते. जॉन रॉबर्ट मूर यांनी १९३२ मध्ये ग्रंथाचे कर्तृत्व डॅनिएल डिफोकडे दिले. फरबँक व ओवेन्स यांनी १९८८ मध्ये त्या मताचा आधारच डळमळीत केला. कर्ता कोणीही असो, ग्रंथाचा घाट लक्षणीय आहे. न्यायालयीन साक्षी, खलाशांची कथने आणि निखळ कल्पित यांची त्यात सरमिसळ आहे. दुसऱ्या खंडातील कॅप्टन मिसन आणि त्याचे लिबर्टालिया हे स्वातंत्र्यनगर यांना इतिहासाचा आधार नाही. उलट बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा खराखुरा चाचा होता.

या दोहोंची तुलना उद्बोधक आहे. मिसन एका तत्त्वाचा प्रवक्ता आहे. तो गुलामांना मुक्त करतो, समतेवर भाषणे देतो. परंतु त्याच्या तत्त्वाला त्याच्याच स्वभावातून कोठे छेद जात नाही. रॉबर्ट्सचे तसे नाही. गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजावरून तो १७१९ मध्ये चाच्यांच्या हाती सापडला. आरंभी त्याला या वृत्तीचा तिटकारा होता. तरीही अवघ्या सहा आठवड्यांत, हॉवेल डेव्हिस मारला गेल्यावर, त्याच टोळीने त्याला कप्तान निवडले आणि त्याने ते पद स्वीकारले. अरिस्टॉटलच्या मते स्वभाव प्रकट होतो तो निवडीतून. या कसोटीवर मिसन हा विचार ठरतो, आणि रॉबर्ट्स व्यक्ती.

रॉबर्ट्सच्या जहाजावरील करारही जॉन्सनने दिला आहे. प्रत्येकास मताचा समान हक्क. पैशासाठी जुगार वर्ज्य. रात्री आठ वाजता दिवे मालवावयाचे. लुटीत कप्तान व क्वार्टरमास्टर यांना दोन-दोन वाटे. हात वा पाय गमावणाऱ्यास सामाईक निधीतून भरपाई. येथे चाच्याच्या व्यक्तिरेखेचे खरे मर्म हाती लागते. हा कप्तान राजा नव्हे; तो निवडलेला आहे आणि पदच्युतही होऊ शकतो. लढाईच्या वेळी त्याचा शब्द अंतिम, एरवी क्वार्टरमास्टर त्याला आवर घालणारा. बंडखोर म्हणून समाजाबाहेर पडलेला हा माणूस दुसऱ्या, कदाचित अधिक कडक, करारात बांधला गेलेला असतो. त्याचे नाट्य समुद्राशी असलेल्या झुंजीत नाही. ते जहाजावरील सोबत्यांशी असलेल्या या करारात आहे.

सिल्व्हर हा फ्लिंटचा क्वार्टरमास्टर होता, हा तपशील म्हणूनच निर्णायक ठरतो. फ्लिंट केवळ दंतकथा. सिल्व्हर हिशेबी माणूस. त्याची बँकेत ठेव आहे, ब्रिस्टलमध्ये खानावळ आहे, बायको आहे, म्हातारपणी प्रतिष्ठितपणे जगण्याची आस आहे. सोबती त्याच्या हाती ‘काळा ठिपका’ देऊन त्याला पदच्युत करू पाहतात, तेव्हा तो शस्त्र उपसत नाही. तो नियमावर बोट ठेवतो, तक्रारींना एकेक करून उत्तरे देतो आणि पद राखतो. या व्यक्तिरेखेमागे डब्ल्यू. ई. हेन्ली हा पाय गमावलेला, पण दरारा असलेला कविमित्र होता, हे स्टीव्हन्सनने त्यालाच कळवले होते. मात्र मित्राचा तुटका पाय चिन्ह म्हणून राहिला असता. उणीव आणि अधिकार यांचे एकत्र असणे ही त्या मित्राकडून मिळालेली खरी देणगी. पुढे जे. एम. बॅरीच्या १९०४ च्या ‘पीटर पॅन’ नाटकातील हूक गाजला, तोही हाताच्या आकड्यापेक्षा सभ्य शिष्टाचाराच्या ध्यासामुळे. लुटारूला सभ्यतेची चिंता असावी, या विसंगतीतून तो जिवंत होतो.

चाचा ही पदवी कोण देतो, हा प्रश्नही येथे टाळता येत नाही. क्लेमंट डाउनिंगच्या १७३७ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच आंग्रे ‘चाचे’ ठरतात. वस्तुतः कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीजही सोळाव्या शतकापासून याच तऱ्हेचा परवाना सक्तीने घ्यावयास लावीत. इंग्रज व पोर्तुगीज यांनी १७२१ मध्ये कुलाब्यावर एकत्र चाल केली आणि ती फसली. एकाचा परवाना हा कायदा आणि दुसऱ्याचा परवाना ही चाचेगिरी, असा निवाडा शेवटी इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती राहिला. कान्होजींना चाच्यांच्या दालनात बसवणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. परंतु त्यांच्या उदाहरणावरून हे कळते की ‘चाचा’ हे स्वभाववर्णन नसून एक आरोप आहे.

भूमिकाखेळांचा विकास पाहिला तर या खेळांनीही हेच हळूहळू ओळखले, असे दिसते. १९७४ च्या खेळातील सहा आकडे व्यक्तीला काय जमते ते सांगत. तिला काय हवे, हे सांगण्याची सोय त्यांत नव्हती. जॉन व जेनिफर विक यांनी रचलेल्या ‘सेव्हन्थ सी’ या १९९९ च्या सागरी साहसाच्या खेळाची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. तीत प्रत्येक नायकाला एक सद्गुण व एक घातक दोष असतो, आणि खेळाडूने त्या दोषापायी आपल्याच पात्राला संकटात लोटले तर त्याला त्याचे बक्षीस मिळते. शोकात्म नायकाच्या घातक दोषाची कल्पना येथे खेळाचा नियम होऊन अवतरते. यशासाठी खेळणारा खेळाडू अशा रीतीने अपयशाचाही कर्ता होतो.

तेव्हा चाच्याची समर्थ व्यक्तिरेखा रचणाऱ्याने तलवारीचा प्रकार ठरवण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयास हवीत : कोणता करार मोडून हा समुद्रावर आला, कोणत्या नव्या करारावर त्याने सही केली, आणि त्याला चाचा म्हणणारा कोण आहे? ही उत्तरे परस्परविरोधी असतील तर सूत्रधाराने मांडलेला कोणताही प्रसंग त्या व्यक्तीची परीक्षा पाहील. ती एकमेकांशी सुखाने नांदत असतील तर उरेल तो मिसन, उदात्त आणि निर्जीव. फासे पुढील घटना ठरवू शकतात. त्या घटनेला सामोरा जाणारा माणूस मात्र या अंतर्विरोधातूनच घडतो, मग तो कादंबरीच्या पानावर असो वा मेजाभोवतीच्या बोलण्यात.